चष्म्याच्या डबीतला सूर

७ ऑक्टोबर

कपाटात काहीतरी वाजलं.

खालून शाळेची बस गेली, तिच्या ब्रेकचा नेहमीचा चरचराट झाला, आणि तो विरतो न विरतो तोच हे. बारीक, दोन सुरांचं — वर-खाली, वर-खाली. लांबून अँब्युलन्स जात असावी, पण पुढे न जाता एकाच जागी उभी राहून ओरडत असावी, तसं. मग थांबलं.

फोन माझ्या हातातच होता. घरातली घड्याळं मुकी. कपाट उघडलं. ह्यांचे सदरे, ह्यांचा कामाचा निळा कोट, खालच्या खणात ह्यांच्या चष्म्याची डबी. डबीत चष्मा नाही. चष्मा मी ह्यांच्याबरोबर जाऊ दिला. डबीत ते यंत्र आहे.

काढून कानाला लावलं. गार. गप्प.

८ ऑक्टोबर

पुन्हा! बस गेली आणि वाजलं. म्हणजे काल भास नव्हता.

ह्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत ते बसवलेलं होतं. काडेपेटीपेक्षा जरा मोठं, नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत. हृदय अडखळलं की त्याला धक्का देऊन चालतं करायचं, हे त्याचं काम. हे गेले तेव्हा शवागारातल्या माणसाने ते काढून कागदी पाकिटात घालून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, आगीत गेलं तर फुटतं, बाई. मी विचारलं, मग मी याचं काय करू? तो म्हणाला, कुणी विचारत नाही, घेऊन जातात. मी घेऊन आले.

बसवलं तेव्हा यंत्र तपासणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं होतं — आत काही बिघडलं, किंवा बॅटरी संपत आली, की हे रोज ठरलेल्या वेळी वाजेल. वाजलं की तडक आमच्याकडे या. ह्यांना केवढी मौज वाटली होती! म्हणाले, "म्हणजे हे मरायला टेकलं की बोलतं. माणसाचं उलटं आहे." ह्यांच्या हयातीत ते एकदाही बोललं नाही. आता बोलतंय.

टिटवीला चहाच्या वेळी सांगितलं. तिचा कप ओठापाशीच थांबला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबांना काहीतरी सांगायचं राहिलं असेल." आणि हसली.

मीही हसले. किती दिवसांनी, ते लिहीत नाही.

९ ऑक्टोबर

वाजलं. मी आधीच जाऊन उभी होते.

१३ ऑक्टोबर

आज सुट्टी. हात रिकामे आहेत, म्हणून सगळं नीट लिहिते.

टिटवी म्हणजे माझी लेक. तान्ही असताना रात्र रात्र टाहो फोडायची, म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. मी म्हणायचे, असल्या अभद्र पाखराचं नाव लेकीला ठेवतं का कुणी? हे म्हणायचे, ओरडते ती वाचते. पुढे ती इतकी अबोल निघाली की नाव तेवढं उरलं.

बापाचा आजार लेकीत उतरला. दोघांची हृदयं सैल पडत गेली, जुन्या इलॅस्टिकसारखी. ह्यांना दुसरं हृदय मिळायचं होतं, ते आलंच नाही. टिटवीला आलं. कुणाचं, ते सांगत नाहीत. मी रोज मनातल्या मनात त्या माणसाच्या आईला हात जोडते. नवं हृदयही पुढे अधूनमधून थबकायला लागलं, म्हणून टिटवीलाही तसलंच यंत्र बसवलं. बापाचं होतं त्याच जागी, डाव्या खांद्याखाली.

एकदा मनात आलं, तिचंच तर वाजत नसेल? पण तिचं नवं कोरं आहे. बसवून वर्षसुद्धा झालेलं नाही. आणि तिचं वाजलं असतं तर ती बोलली नसती का!

शरीराने परकं हृदय बाहेर काढू नये म्हणून ती रोज मूठभर गोळ्या घेते. हॉस्पिटलातल्या सिस्टरने बजावलंय, जरा ताप आला की फोन करा. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ तिच्या तोंडात थर्मामीटर देते. ती डोळे फिरवते, पण तोंड उघडते. ताप नाही. अजिबात नाही. थर्मामीटरच्या काचेत पारा खालीच दिसला की माझा दिवस सुरळीत जातो.

आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये पूर्वी दार होतं. ह्यांनी त्या दाराच्या चौकटीतच कपाट बसवलं. माझ्या बाजूला दारं, तिच्या बाजूला नुसता प्लायवूड. त्याला टेकून तिचा पलंग. ती खोकली तरी ह्यांचे सदरे हलतात.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. मला वाचायला ह्यांनीच शिकवलं, लग्नानंतर. मी वाचलेलं पहिलं वाक्य लिफ्टच्या दारावरचं — जास्त माणसं चढू नका. पुढे मिळेल ते वाचत गेले. ह्यांचं एक म्हणणं होतं. यंत्राचा आवाज आला की आधी तो कुठून येतो ते शोधायचं. कशाचा, ते मागाहून. लोक उलटं करतात आणि धडधाकट मोटर उघडून बसतात.

१९ ऑक्टोबर

दुकानात सांगून बसले. सांगायला नको होतं.

धुलाईच्या दुकानात माझं काम खिसे तपासायचं आणि डाग ओळखायचं. लोक खिशात काय काय ठेवतात! आज एका कोटात दुधाचा दात निघाला. कुणीतरी जपून ठेवला असेल. त्यावरून वस्तू जपून ठेवायच्या गोष्टी निघाल्या आणि माझ्या तोंडून निसटलं.

मालकीणबाईंनी हातातली पावती खाली ठेवली. म्हणाल्या, गेलेल्या माणसाची वस्तू बोलायला लागली की ती घरात ठेवू नये. ती कुणाला तरी न्यायला बोलते. इस्त्रीवाले मामा वाफेतून म्हणाले, "नशीबवान आहात वहिनी. मेल्यावर का होईना, नवरा वेळेवर बोलतो. आमची ही म्हणते, मी जिवंतपणीच मुका आहे." सगळे हसले. मालकीणबाई नाही हसल्या.

वाटेत मला ते वाक्य टोचत राहिलं. कुणाला तरी न्यायला. छे! ह्यांनी आयुष्यभर लोकांना वर-खाली सुखरूप पोचवलं.

२४ ऑक्टोबर

टिटवी मैत्रिणीकडे राहायला गेलीय. जरा हवापालट. गोळ्यांची पेटी आणि थर्मामीटर मी स्वतः पिशवीत घातले.

बस गेली. कपाट गप्प. मी बराच वेळ उभी राहिले. शेवटी म्हणाले, रुसलात का?

२५ ऑक्टोबर

आजही नाही.

घर इतकं शांत की फ्रिज दचकून सुरू झाला तरी मी दचकते. यंत्र हातात घेऊन बसले होते. बॅटरी अखेर संपली असेल. म्हणजे ह्यांचं दुसऱ्यांदा जाणं. पहिल्या खेपेला मला रडू आलं नव्हतं, माणसं होती भोवती, कामं होती. आज आलं.

२७ ऑक्टोबर

वाजलं! टिटवी काल संध्याकाळी परत आली आणि आज वाजलं. घरात सगळे असले की बोलतात. पहिल्यापासून तसेच — लेक घरी आल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

पळत जाऊन टिटवीला सांगितलं. ती पलंगावरच बसली होती, भिंतीला टेकून, मफलर गळ्याशी घट्ट धरून. "ऐकलं," म्हणाली.

२ नोव्हेंबर

टिटवीच्या गाऊनवर डाग. डाव्या खांद्याखाली, मसुराच्या दाण्याएवढा, पिवळसर, कडा कडक. मी विचारलं तर म्हणाली, मलम लावलं होतं, खाज येत होती. मलमाचा डाग कडक होत नाही, तेलकट पसरतो. हे मला ठाऊक आहे. तरी धुऊन टाकला. ताप नव्हता ना.

जेवत नाही नीट. अर्धी पोळी मोडून ठेवते आणि बोटाने ताटाच्या कडेकडेने फिरवत बसते. डोळ्यांखाली काळं. म्हणते, "आई, मी दुसऱ्याच्या हृदयाला भाड्याने ठेवलंय, ते रात्रभर भांडतं. झोपणार कशी?" असली थट्टा मला आवडत नाही. महिनाअखेरीला तपासणी आहेच.

थर्मामीटर — ताप नाही.

६ नोव्हेंबर

आता माझा रोजचा परिपाठच झालाय. उठते, तोंड धुते, केस विंचरते, धुतलेली साडी नेसते. बस यायच्या आधी कपाट उघडून उभी राहते. वाजून झालं की वर्तमानपत्रातलं काहीबाही मोठ्याने वाचते. पूर्वी हे ऐकत बसायचे आणि मी अडखळले की नुसते खाकरायचे, शब्द सांगायचे नाहीत. आज एका जोडाक्षराला अडखळले आणि पलीकडून कुणीतरी खाकरलं.

मग कळलं, टिटवी होती. प्लायवूडमागून म्हणाली, मला सगळं ऐकू येतं गं, वाच पुढे.

वाचलं.

११ नोव्हेंबर

आज भ्याले.

सकाळी यंत्र डबीतून काढून तळहातावर घेऊन उभी होते. म्हटलं, बोलताना कसं थरथरतं ते बघू. बस गेली. सूर सुरू झाला — आणि तळहातावरचं यंत्र निपचित. जरासुद्धा कंप नाही. सूर सदऱ्यांच्या मागून येत होता. मी दुसरा हात सदऱ्यांमधून आत घातला, मागच्या लाकडाला लावला. लाकूड गुणगुणत होतं. कोमट होतं.

हात काढून घेतला. कपाट लावलं. आधी कुठून येतो ते शोधायचं, हे ह्यांचं वाक्य दिवसभर डोक्यात. खिसे तपासताना एका पँटच्या खिशातला पेन तसाच राहिला, आणि त्या घाण्यातल्या सगळ्या कपड्यांना शाई लागली. मालकीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

शोधायचं नाहीये मला. जे वाजतंय ते ह्यांचं आहे.

संध्याकाळी डबी डब्याच्या पिशवीत घालून परत दुकानात गेले आणि इस्त्रीवाल्या मामांच्या खणात ठेवून आले. म्हटलं, एक रात्र सांभाळा. त्यांनी का ते विचारलं नाही. खण लावताना नुसते म्हणाले, "भाऊंना थंडी नाही वाजणार, वर इस्त्री आहे."

आता कपाटात नुसते कपडे. उद्या वाजलं नाही, तर ते ह्यांचंच. वाजलं तर —

१२ नोव्हेंबर

वाजलं.

रिकाम्या कपाटात! ह्यांच्या सदऱ्यांच्या बाह्या समोर लोंबत होत्या आणि त्यांच्यामधून तो सूर येत होता, वर-खाली, वर-खाली. मी निघाले. माझ्या खोलीतून बाहेर, तिच्या दारात.

टिटवी कपाटाच्या पाठीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. मफलर घट्ट गुंडाळलेला आणि त्यावरून उजवा हात डाव्या खांद्याखाली दाबून धरलेला. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर आईने हात ठेवावा, तसा. सूर तिच्या हाताखालून येत होता. माझ्या लेकीच्या अंगातून.

थांबल्यावर तिने डोळे उघडले. मी दिसले. तिने काही सांगायच्या आत मी मफलर सोडला. यंत्रावरची कातडी जांभळट, ताणून चकाकणारी, पिकल्या फळासारखी. एका कोपऱ्यात टाचणीने टोचावं तसं भोक, त्यातून ओल. हात लावला. गरम. सगळं अंग गार, आणि तेवढीच जागा गरम.

सिस्टरला फोन केला. मी म्हणत राहिले, पण ताप नाही हो, रोज बघते मी, ताप नाही. त्या म्हणाल्या, "अशा पेशंटना ताप येईलच असं नसतं, मावशी. औषधांनी आपण पहारेकऱ्यालाच झोपवलेलं असतं. चोर आला तरी तो ओरडत नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा."

ताप आला की फोन करा, हे मला कळलं होतं. ताप न येताही फोन करायचा असतो, हे कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि मी ऐकलं नाही?

१३ नोव्हेंबर

हॉस्पिटल. प्लॅस्टिकची खुर्ची. समोर काचेची भिंत, पलीकडे टिटवी.

यंत्र तपासणारे ह्यांच्या वेळचे तेच गृहस्थ आहेत, फक्त केस पिकलेत. मला ओळखलं नाही. तिच्या छातीवर एक चपटी गोल चकती ठेवून पडद्यावर बघत होते. यंत्रात नोंद असते म्हणाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून रोज सकाळी सूचना देतंय. यंत्र ज्या पोकळीत बसवतात तिला ते खिसा म्हणतात. खिशात पू झालाय, तो हृदयाकडे जाणाऱ्या तारेच्या जोडाशी पोचला आणि जोड सैल झाला, म्हणून यंत्र हाका मारत होतं.

खिसा. जगाचे खिसे मी तपासते.

डॉक्टरीणबाई खुर्चीपाशी उकिडव्या बसून बोलल्या, मला वर बघावं लागू नये म्हणून. नुसत्या औषधाने भागणार नाही. जंतू तारेवरून रांगत हृदयाकडे जातात. यंत्र काढायचं, तारही काढायची, सगळं. पण तारेचं टोक हृदयाला आतून चिकटलेलं असतं. ते सोडवताना हृदय फाटू शकतं. मी विचारलं, आणि नाही काढलं तर? त्या म्हणाल्या, तर ते नवं हृदय पुरतंच जंतूंचं होईल.

सही केली. माझी सही अजून पाटीवर काढल्यासारखी येते, एकेक अक्षर.

१४ नोव्हेंबर

आत नेलंय.

नेताना टिटवी माझं बोट धरून म्हणाली, "डबी कुठाय?" म्हटलं, मामांच्या खणात. म्हणाली, "बाबांना घरी आण. एकटे राहायची सवय नाही त्यांना."

खिडकीतून लिफ्ट दिसते. दार उघडतं, कुणी नसतं, मिटतं. पुन्हा उघडतं. हे असते तर उठून बघून आले असते, का उघडतं ते. मी उठून बघून आले. खाचेत एक बाटलीचं झाकण अडकलं होतं. काढून टाकलं. दार मिटलं आणि मिटलेलं राहिलं. एवढं एक काम माझ्या हातून आज झालं.

१५ नोव्हेंबर

आहे. माझी लेक आहे.

हृदय फाटलं नाही. मानेतून एक तार बाहेर आलीय, ती गादीवरच्या पेटीला जोडलीय. सध्या तीच पेटी तिला चालवते. पेटीवर एक दिवा लुकलुकतो. मी त्याच्याकडे बघत बसते. नजर हटवली तर विझेल असं वाटतं. बाटल्यांमधून औषध उतरतंय, कितीतरी दिवस उतरायचंय. मग दुसरं यंत्र, उजव्या बाजूला.

२० नोव्हेंबर

मामा डबी घेऊन भेटायला आले. इस्त्री केलेल्या रुमालात बांधलेली. टिटवीने काचेतून हात हलवला, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जाताना म्हणाले, मालकीणबाईंनी सांगितलंय, पगार कापणार नाही, आणि त्या दिवशी जे बोलल्या ते मनावर घेऊ नका.

मला एक गोष्ट विचारायचीच होती. यंत्र तपासणाऱ्या गृहस्थांना गाठलं आणि डबी उघडून पुढे केली. वेड्यात काढतील वाटलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, वर चकती ठेवली. पडदा काळाच राहिला. म्हणाले, "हे केव्हाच संपलंय, ताई. आता आवाज काय, काहीच येणार नाही ह्यातून."

एकदा तरी, मी म्हटलं. पहिल्या दिवशी तरी?

त्यांनी नकारार्थी मान हलवली. डबी मिटून, पुसून परत दिली.

म्हणजे सगळं तीच होती. पहिल्या दिवसापासून. मी केस विंचरून ज्याच्यापुढे उभी राहत होते, ज्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, ते टिटवीच्या अंगातलं सडणं होतं. ती नव्हती तेव्हा मी कपाटाला विचारत होते, रुसलात का.

हे कधी बोललेच नाहीत.

२६ नोव्हेंबर

जंतू सापडत नाहीत आता. टिटवीने आज पोळी अख्खी खाल्ली, वर म्हणाली, हॉस्पिटलची पोळी आणि पुठ्ठा यात पुठ्ठा बरा. मी घरी जाऊन ह्यांचे सदरे काढले, कपाट पुसलं. सकाळी बस गेली. ब्रेक चरचरले. मग काही नाही.

काही नाही, हे सुद्धा ऐकू येतं.

२९ नोव्हेंबर

केस विंचरून देत होते तेव्हा टिटवी बोलली. आवाज आपल्यातून येतोय, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तपासणीला गेल्यावर सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, "तू हसायला लागली होतीस, आई."